येशूचे दाखले वाचायला बसताना

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय उघडला की लगेच पेरणारा भेटतो. त्याचं काही बी वाटेवर पडतं आणि पाखरं टिपून नेतात. काही खडकाळ जागी उगवून करपतं, काही काटेरी झुडपांत घुसमटतं, आणि जे चांगल्या जमिनीत पडतं ते कुठे तीसपट, कुठे साठपट, कुठे शंभरपट पीक देतं. थोडं खाली त्याच गोष्टीचा अर्थही छापलेला असतो: पाखरं म्हणजे सैतान, काटे म्हणजे संसाराची चिंता आणि पैशाचा मोह. नवा वाचक तिथवर पोचतो, "आलं लक्षात" म्हणतो आणि पान उलटतो. आमच्या वाचनगटात हे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे आणि दर वेळी जीव हळहळतो. लक्षात आलेली असते ती अर्थांची यादी. गोष्ट त्याने अजून ऐकलेलीच नसते.

हा लेख अशा पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही ख्रिस्ती असा किंवा नसा, जवळ एक मराठी पवित्र शास्त्र, एक वही, तीन रंगांच्या पेन्सिली आणि चार मोकळ्या संध्याकाळी असल्या की झालं. घाई मात्र नको. एका संध्याकाळी एकच दाखला.

पायरी १ : चार दाखले निवडा

दाखले मत्तय, मार्क आणि लूक या पहिल्या तीन शुभवर्तमानांत आहेत. योहानात मेंढपाळाचं आणि द्राक्षवेलीचं रूपक आहे, पण या तिघांसारख्या रचलेल्या गोष्टी नाहीत. मोजायचे कसे त्यावर आकडा बदलतो. साधारण ४० धरून चाला. सगळे एकदम वाचू नका. माझा क्रम असा असतो: लूक १०:२५-३७ (चांगला शोमरोनी), मत्तय २०:१-१६ (द्राक्षमळ्यातले मजूर), मार्क ४:१-२० (पेरणारा) आणि शेवटी लूकचा संपूर्ण १५वा अध्याय. पेरणारा तिसऱ्या संध्याकाळी ठेवण्याचं कारण वर सांगितलंच आहे. तोवर गोष्ट ऐकायची सवय झालेली असते आणि अर्थाची यादी समोर आली तरी गोष्ट हातची सुटत नाही.

काळाचं भान वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. येशूला वधस्तंभावर दिलं ते इ.स. ३०च्या आसपास. मार्कचं शुभवर्तमान लिहिलं गेलं इ.स. ७०च्या आगेमागे, आणि मत्तय व लूक त्यानंतर दहा-वीस वर्षांनी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे सुमारे चाळीस वर्षं हे दाखले तोंडातोंडी फिरले. येशू बोलला अरामी भाषेत, लिहिलं गेलं ग्रीकमध्ये, आणि आपण वाचतो मराठीत. म्हणून शक्य असेल तर दोन भाषांतरं शेजारी ठेवा. मराठीत ती परंपरा मोठी आहे: विल्यम केरीने श्रीरामपूरहून मराठी नवा करार छापला तो १८११मध्ये, आणि पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेलं संपूर्ण भाषांतर केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून १९२४ साली बाहेर पडलं. जिथे दोन भाषांतरांत शब्द वेगळा दिसेल तिथे थांबा. तिथे बहुतेक वेळा मुळातच काहीतरी अडलेलं असतं.

पायरी २ : 'दाखला' या शब्दाचा पसारा समजून घ्या

ग्रीक शब्द 'पाराबोले'. त्याचा अर्थ एका गोष्टीशेजारी दुसरी आणून ठेवणं. त्यामागे उभा आहे हिब्रू 'माशाल', आणि तो फार ऐसपैस शब्द आहे. म्हण, कोडं, उपमा, गोष्ट, सगळं त्याच्या पोटात. म्हणूनच लूक ४:२३ मध्ये "वैद्या, स्वतःला बरं कर" या एका ओळीच्या म्हणीलाही ग्रीकमध्ये पाराबोलेच म्हटलं आहे.

येशूने हा प्रकार शोधून काढला नाही. तो त्याच्या लोकांचा जुना वारसा होता, आणि त्यातला सर्वांत धारदार नमुना २ शमुवेल १२ मध्ये आहे. तो आधी वाचाच. दावीद राजाने उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला लढाईच्या ऐन तोंडावर उभं करून मरू दिलं. नाथान संदेष्टा राजाकडे येतो. आरोप करत नाही, गोष्ट सांगतो. एका गावात एक श्रीमंत होता, एक गरीब. गरिबाकडे एकच कोकरी होती. ती त्याच्या ताटातलं खायची, त्याच्या कुशीत निजायची, लेकीसारखी होती. श्रीमंताकडे पाहुणा आला तेव्हा त्याने स्वतःचा कळप राखला आणि गरिबाची कोकरी कापली. दावीद भडकतो, असं करणारा माणूस मरणदंडाला पात्र आहे म्हणतो. आणि नाथान म्हणतो, "तो मनुष्य तूच आहेस."

निकाल आधी ऐकणाऱ्याच्या तोंडून बाहेर पडला, आरोपी कोण ते नंतर कळलं. दाखल्याचं बळ या क्रमात आहे. अर्थ आधी कळला असता तर दावीदाने पहारेकऱ्याला हाक मारली असती.

पायरी ३ : तीन रंगांनी खुणा करा

यासाठी मराठी वाचकाकडे घरचंच अवजार आहे. चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टान्त केसोबासांनी 'दृष्टान्तपाठा'त एकत्र केले, तेव्हा त्यांनी प्रत्येक ठिकाणी तीन थर वेगळे राखले: सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक. सूत्र आणि दृष्टान्त स्वामींचे. त्या दृष्टान्ताचा रोख कुठे आहे ते उलगडून सांगणारं दार्ष्टान्तिक केसोबासांचं. गुरूचे शब्द कुठे संपतात आणि शिष्याची समज कुठे सुरू होते हे वाचणाऱ्याला स्वच्छ दिसतं. महानुभाव पंथाचा आणि गालीलातल्या या दाखल्यांचा काही संबंध नाही. वाचण्याची ही शिस्त तेवढी उसनी घ्यायची.

शुभवर्तमानांत थरांना नावं दिलेली नाहीत, ती आपण शोधायची. निळ्या पेन्सिलीने चौकट: कोणी काय विचारलं, समोर कोण होतं. हिरव्या पेन्सिलीने गोष्ट. लाल पेन्सिलीने गोष्टीनंतर आलेला अर्थ किंवा सूत्रवाक्य. मार्क ४ मध्ये पेरणाऱ्याची गोष्ट ओवी ३ ते ८ एवढीच आहे. दहाव्या ओवीत शिष्य एकांतात प्रश्न विचारतात, आणि १४ ते २० हा उलगडा. हिरवा आणि लाल भाग लागोपाठ मोठ्याने वाचून पाहा, आवाज बदललेला जाणवेल. गोष्टीत पीक किती आलं याचं आश्चर्य आहे. उलगड्यात मंडळीची, म्हणजे ख्रिस्ती समुदायाची, काळजी आहे: छळ सुरू झाल्यावर कोण टिकलं, कोण पैशाच्या नादी लागलं. तिथे 'वचन' हा शब्द वारंवार येतो, आणि तो पहिल्या मंडळ्यांच्या उपदेशातला रुळलेला शब्द आहे. म्हणून अनेक अभ्यासक म्हणतात की हा उलगडा त्या मंडळ्यांमध्ये आकाराला आला. तसं असेल तर त्याची किंमत कमी होत नाही. शिक्षकाची गोष्ट हाती धरून लोकांनी आपल्या अडचणीत वाट कशी काढली, त्याचा तो सर्वांत जुना पुरावा ठरतो.

तीन रंगांचा खेळ सर्वांत छान दिसतो तो लूक १६च्या अप्रामाणिक कारभाऱ्यात. नोकरी जाणार असं कळल्यावर हा कारभारी मालकाच्या ऋणकोंना बोलावून त्यांच्या खतांवरचे आकडे कमी करून देतो, आणि मालक चक्क त्याच्या हुशारीची वाखाणणी करतो. गोष्ट आठव्या ओवीच्या मध्यावर संपते. त्यानंतर तेराव्या ओवीपर्यंत लाल रंगच लाल रंग: या युगाचे लोक अधिक चतुर असतात, धनाने मित्र जोडा, थोडक्यात विश्वासू तो पुष्कळात विश्वासू, दोन धन्यांची चाकरी करता येत नाही. एकाच गोष्टीवर केलेल्या तीन-चार उपदेशांची टिपणं एकाखाली एक लिहावीत तसं ते दिसतं. ही गोष्ट पचवणं पहिल्या शिक्षकांनाही जड गेलं होतं. तुम्हालाही गेलं तर हरकत नाही, म्हणूनच ती माझ्या पहिल्या चारांत नाही.

मार्क ४:११-१२ या ओव्यांपाशी मात्र सगळेच अडतात. बाहेरच्यांना सगळं दाखल्यांनी सांगितलं जातं, "यासाठी की त्यांनी पाहूनही पाहू नये." शब्द यशया ६ मधले आहेत, आणि तिथे ते एका संदेष्ट्याच्या दुःखाचे आहेत: सांगायला जा, पण लोक ऐकणार नाहीत. मत्तयाने हीच ओवी घेताना "यासाठी की"च्या जागी "कारण" घातलं, म्हणजे त्यालाही ती टोचली होती. पहिल्या वाचनात इथे लाल पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करा आणि पुढे चला.

पायरी ४ : ऐकणाऱ्यांच्या घोळक्यात बसा

आता पहिली संध्याकाळ. लूक १० मोठ्याने वाचा. मनात वाचलेला दाखला निम्मा वाया जातो.

माणूस यरुशलेमहून यरीहोला "खाली जात" होता. हा शब्द नुसता भरीचा नाही. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर, यरीहो समुद्रसपाटीच्याही सुमारे २५० मीटर खाली, आणि मधला रस्ता २५-३० किलोमीटरचा, ओसाड टेकड्यांच्या खबदाडातून उतरणारा. ऐकणाऱ्यांना ती वाट माहीत होती. लुटारू पडले म्हटल्यावर त्यांनी नुसती मान हलवली असेल.

मग याजक येतो आणि निघून जातो. लेवी, म्हणजे देवळातला सेवक, येतो आणि निघून जातो. तिसरा कोण येणार? यहुदी समाजाची ओळीने मांडणी याजक, लेवी आणि इस्राएल लोक अशी होती. म्हणजे आता येणार साधा इस्राएली, आपल्यातला, आणि देवळातल्या मोठ्यांना जे जमलं नाही ते तो करून दाखवणार. ऐकणारे सरसावून बसलेले आहेत. आणि येतो शोमरोनी.

शोमरोनी आणि यहुदी यांचं वैर कागदावरचं नव्हतं. गरिज्जीम डोंगरावरचं शोमरोन्यांचं मंदिर यहुदी राज्यकर्ता योहान हिर्कानस याने इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस पाडलं होतं. दोन्ही समाज मोशेचंच नियमशास्त्र मानणारे, म्हणून तर भांडण इतकं कडवट. (शोमरोनी समाज आजही आहे. हजाराहून कमी माणसं, नाब्लसजवळ गरिज्जीमवर आणि तेल अवीवजवळच्या होलोनमध्ये राहतात.) आपण 'चांगला शोमरोनी' हे शब्द इतके वापरून गुळगुळीत केले आहेत की धक्का बसतच नाही. वाचताना त्या जागी असा समाज ठेवून पाहा ज्याच्या हातचं पाणी घ्यायला तुमच्या घरात कोणीतरी नाही म्हटलं होतं.

तिसरी ओळखण्याची गोष्ट शेवटच्या उत्तरात आहे. गोष्टीआधी एका शास्त्र्याने, म्हणजे नियमशास्त्राच्या जाणकाराने, विचारलं होतं, "माझा शेजारी कोण?" येशू प्रश्न फिरवून परत देतो: त्या पडलेल्या माणसाचा शेजारी कोण झाला? ऐकणारा आता घोड्यावर नाही, रस्त्याकडेला रक्तात पडलेला आहे आणि मदतीची वाट पाहतो आहे. शास्त्री उत्तर देतो, "त्याच्यावर दया करणारा." 'शोमरोनी' हा शब्द त्याच्या तोंडातून निघत नाही. इथे थांबा. लाल पेन्सिल उचलायला जागाच नाही, कारण येशूने अर्थ सांगितलेलाच नाही.

एक सावधगिरी. याजक प्रेताचा विटाळ होईल म्हणून टळला, यहुदी धर्मच असा कोरडा, असं पुष्कळदा शिकवलं जातं. गोष्टीत असं कारण कुठेच नाही. याजकही यरुशलेमहून खालीच चालला होता, देवळाकडे नव्हे. आणि बेवारस प्रेत दिसलं तर खुद्द मुख्य याजकानेही ते पुरावं, असं यहुद्यांच्या मिश्ना या जुन्या नियमसंग्रहात स्पष्ट म्हटलं आहे. येशू यहुदी होता, ऐकणारे यहुदी होते, दाखला घरातल्या घरातला होता. त्याला दुसऱ्याच्या धर्मावर फेकायचा दगड करू नका.

पायरी ५ : हिशेब मांडा

दुसरी संध्याकाळ द्राक्षमळ्यातल्या मजुरांची. मालक पहाटे बाजारात जातो, एक दिनार ठरवून माणसं घेतो. पुन्हा नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पाचला. संध्याकाळी सगळ्यांना एकेकच दिनार. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, एका घराची एका दिवसाची चूल. एवढं वहीत लिहा आणि मग चिडा.

आमच्या गटात हा दाखला वाचला तेव्हा नोकरी करणारी मुलं चिडलीच. बारा तास राबणाऱ्याला आणि तासभर हात लावणाऱ्याला एकच पगार, हा कसला न्याय? धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या एक मावशी कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांचा नवरा बिगारी, रोज सकाळी नाक्यावर उभा राहणारा. त्या म्हणाल्या, "पाच वाजेपर्यंत जो नाक्यावर उभा आहे, तो आळशी नसतो. आळशी माणूस दहालाच घरी येतो. हा येत नाही, कारण घरात काय विचारतील ते त्याला माहीत असतं." मग आम्ही पुन्हा वाचलं. मालक विचारतो, दिवसभर रिकामे का उभे राहिलात? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावलं नाही. ती ओळ मी तोवर शंभरदा वाचली असेल, ऐकली त्या दिवशी.

आणखी एक बारकावा बघा. मालक मुकादमाला सांगतो की पैसे शेवटच्यापासून वाटायला लाग. आधी आलेल्यांना आधी दिले असते तर ते खुशीत घरी गेले असते आणि भांडण झालंच नसतं. भांडण व्हावं, ते सगळ्यांच्या देखत व्हावं, म्हणून गोष्ट तशी रचली आहे.

हिशेबाची सवय लागली की दुसरेही दाखले उघडतात. मत्तय १८ मधल्या चाकरावर राजाचं १०,००० तालांत कर्ज आहे. एक तालांत साधारण ६,००० दिनारांचा, म्हणजे ६ कोटी दिनार. वर्षाला ३०० दिवस काम केलं आणि एक पैसा खाल्ला नाही, तरी फेडायला २ लाख वर्षं. आणि हा माणूस राजाचे पाय धरून म्हणतो, मला वेळ द्या, सगळं फेडीन! राजा सगळं सोडून देतो. बाहेर पडल्यावर तोच माणूस सोबतीच्या चाकराचा गळा धरतो, १०० दिनारांसाठी, चार महिन्यांच्या मजुरीसाठी. सोबतीही तेच शब्द म्हणतो: मला वेळ द्या. त्याचं कर्ज मात्र खरंच फिटण्यासारखं होतं.

खमिराच्या एका ओळीतही हिशेब आहे. एका बाईने खमीर तीन मापं पिठात ठेवलं, आणि ते सगळं फुगून आलं. तीन मापं म्हणजे शंभरएक माणसांची भाकर होईल इतकं पीठ. उत्पत्ती १८ मध्ये सारा तीन अनोळखी पाहुण्यांसाठी एवढंच पीठ मळते. ग्रीकमध्ये क्रियापद 'लपवलं' असं आहे. खमीर म्हणजे आदल्या दिवशीचा आंबलेला कणकेचा गोळा, आणि यहुद्यांच्या वल्हांडणाच्या सणात तो घरातून काढून टाकायचा असतो. देवाचं राज्य कशासारखं, तर एका बाईने गुपचूप पिठात लपवलेल्या आंबलेल्या गोळ्यासारखं. ज्यांनी विरजण लावलं आहे त्यांना ही ओळ पुरुष उपदेशकांपेक्षा आधी कळते, हा माझा अनुभव.

पायरी ६ : तीच गोष्ट दुसरीकडे शोधा

हरवलेल्या मेंढराचा दाखला यासाठी सर्वांत सोयीचा. लूक १५ मध्ये तो येशू कुरकुर करणाऱ्या परूश्यांना (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना) सांगतो, आणि भर आहे सापडल्याच्या आनंदावर. मत्तय १८ मध्ये तोच दाखला शिष्यांना सांगितलेला आहे, मेंढरू 'भटकलेलं' आहे, आणि भर आहे लहानांपैकी एकाचाही नाश होऊ नये यावर. म्हणजे एकीकडे टीकाकारांना उत्तर, दुसरीकडे मंडळीच्या पुढाऱ्यांना ताकीद. चौकट बदलली की दाखला वळतो.

तिसरं रूप नव्या करारात नाही. इजिप्तमधल्या नाग हम्मादीजवळ १९४५ साली मातीच्या रांजणात जुनी कॉप्टिक हस्तलिखितं सापडली. त्यांत थोमाच्या नावाने ओळखलं जाणारं ११४ वचनांचं शुभवर्तमान होतं. त्यातल्या १०७व्या वचनात हरवलेलं मेंढरू कळपातलं सगळ्यांत मोठं आहे, आणि मेंढपाळ त्याला म्हणतो की नव्याण्णवांपेक्षा तूच मला प्रिय आहेस. एका शब्दाने गोष्ट पालटली! सगळ्यांत मोठं मेंढरू कोणीही शोधेल. मला लूकचं साधं, बिनविशेषणाचं मेंढरूच खरं वाटतं.

पायरी ७ : जुने शिक्षक काय करत होते ते पाहा, पण नंतर

दाखला स्वतः वाचून झाल्याशिवाय या पायरीवर येऊ नका. आलात की मात्र मन मोकळं ठेवा.

अलेक्झांड्रियाचा ओरिजेन (सुमारे १८५-२५४) शोमरोन्याची गोष्ट अशी उलगडतो, आणि आपल्या आधीच्या एका वडीलधाऱ्याकडून हे ऐकलं असंही सांगतो: पडलेला माणूस म्हणजे आदाम, यरुशलेम म्हणजे नंदनवन, यरीहो म्हणजे जग, याजक म्हणजे नियमशास्त्र, लेवी म्हणजे संदेष्टे, शोमरोनी म्हणजे ख्रिस्त आणि उतारशाळा म्हणजे मंडळी. ऑगस्टीनने (३५४-४३०) पुढे उतारशाळेचा मालक म्हणजे पौल असंही लावलं. आजच्या वाचकाला हे ओढूनताणून वाटतं. पण बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या माणसाला तारणाची सबंध कथा एका गोष्टीत लक्षात ठेवायची असेल, तर याहून सोपा धागा कुठला? इटलीतल्या रोसानो इथे जपलेल्या सहाव्या शतकाच्या जांभळ्या चर्मपत्रांच्या पोथीत जखमी माणसावर ओणवलेला शोमरोनी ख्रिस्ताच्याच चेहऱ्याचा आहे. त्याआधी तिसऱ्या शतकात, सीरियातल्या दुरा-युरोपोसच्या घरात भरणाऱ्या मंडळीत, बाप्तिस्म्याच्या कुंडामागच्या भिंतीवर खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ रंगवलेला होता. पाण्यात उतरणाऱ्याला तो दाखला समोर दिसत होता.

त्याच काळी सावध करणारेही होते. लियोंचा बिशप इरेनियस इ.स. १८०च्या सुमारास लिहितो की कसबी कारागिराने रत्नं जडवून राजाची प्रतिमा घडवावी, आणि कोणी तीच रत्नं उचकटून कोल्हा बनवावा व हाच राजा म्हणून दाखवावा, तसं काही जण वचनांचं करतात. अंत्युखियात उपदेश करणारा योहान क्रिसोस्तोम मजुरांच्या दाखल्याबद्दल सांगतो की प्रत्येक शब्दाचा कीस काढू नका, दाखला ज्यासाठी सांगितला ते घ्या आणि थांबा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन अभ्यासक आडोल्फ युलिखर याने हीच बाजू ताणून एका दाखल्याला एकच मुद्दा असा नियम केला. तो नियम पहिल्या वर्षी कामाचा आहे. पुढे तो अपुरा पडतो, कारण लूक १५ मधल्या दोन मुलांच्या गोष्टीत निदान दोन मुद्दे आहेत, प्रत्येक मुलाचा एक.

आणि पहिल्या मंडळ्यांनी नवे दाखलेही घडवले, हे विसरू नका. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेल्या 'हर्मासचा मेंढपाळ' या पुस्तकात दहा दाखले आहेत. त्यातला दुसरा मला फार आवडतो. एल्म नावाच्या झाडावर द्राक्षवेल चढवलेली आहे. झाडाला फळ नाही. वेलीला आहे, पण ती जमिनीवर पसरली तर फळ कुजतं. श्रीमंत म्हणजे ते झाड, गरीब म्हणजे वेल, आणि वेलीचं फळ झाडाचंही धरलं जातं. द्राक्षाचा मांडव ज्याने पाहिला आहे त्याला वेगळं दार्ष्टान्तिक नको.

पायरी ८ : दाखला कुठे शस्त्र झाला तेही वाचा

लूक १४ मध्ये मेजवानीचा यजमान चाकराला म्हणतो, रस्त्यांवर आणि कुंपणांपाशी जा आणि लोकांना आग्रहाने आत आण. ऑगस्टीनने पाचव्या शतकाच्या आरंभी, उत्तर आफ्रिकेतल्या, मंडळीतून फुटलेल्या दोनातुस पंथीयांविरुद्ध सरकारी सक्तीचं समर्थन करताना, या शब्दाचा आधार घेतला. ताटावर बोलावण्याचा शब्द शिपायाच्या हाती गेला. उलट मत्तय १३ मधल्या निदणाच्या दाखल्यात मालक म्हणतो, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. ते तण कोवळेपणी हुबेहूब गव्हासारखं दिसतं, ओंबी आल्याशिवाय ओळखू येत नाही. आत्ता उपटाल तर गहूही निघेल. क्रिसोस्तोमने त्यावरून पाखंड्यांना ठार मारणं निषिद्ध ठरवलं, जरी त्यांची तोंडं बंद करायला त्याची ना नव्हती. हे दोन्ही दाखले एका बैठकीत वाचा. मला स्वतःला दाखल्याच्या एका शब्दावर कायदा उभारण्याची भीती या दोहोंनी शिकवली.

चौथी संध्याकाळ

लूक १५. चौकट पहिल्या दोन ओव्यांत आहे, तिला निळी रेघ ओढा: जकातदार आणि पापी लोक जवळ येतात, परूशी कुरकुरतात की हा त्यांच्याबरोबर जेवतो. मग मेंढरू, मग नाणं, मग दोन मुलगे. धाकटा वाटणी घेऊन जातो, उधळतो, डुकरं चारतो, परततो. बाप धावत सुटतो. 'उधळ्या पुत्र' या नावामुळे बरेच जण इथेच पुस्तक मिटतात, पण गोष्टीचा रोख पुढे आहे. मोठा मुलगा शेतावरून येतो, वाजंत्री ऐकतो आणि आत जायला नकार देतो. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो. मुलगा म्हणतो, "हा तुमचा मुलगा". बाप म्हणतो, "हा तुझा भाऊ". शब्दांची ही अदलाबदल अधोरेखित करा. मग निळी रेघ पुन्हा पाहा, कुरकुरणारे अजून तिथेच उभे आहेत. गोष्ट बापाच्या बोलण्यावर संपते. मुलगा आत गेला की नाही, लूकने लिहिलेलं नाही.

गटात वाचत असाल तर शेवटची ओवी झाल्यावर पुस्तक मिटा आणि एवढंच विचारा, तो आत गेला का? आमच्याकडे एकदा बराच वेळ कोणी बोललं नाही. मग सातवीतली एक मुलगी म्हणाली, "आत पंगत बसली असेल ना. आणि बाबा अजून बाहेरच आहेत."